पिन अडकते ती रेकॉर्ड कोणाला द्यायची?

ताई, बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. डोंबिवलीतली आमची इमारत पुनर्विकासाला गेली आहे आणि महिन्याभरात जागा रिकामी करायची आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत बाबांच्या रेकॉर्डी निघाल्या. मोजल्या तर १४० भरल्या. ३२ जुन्या, जड. ७१ लहान, दोन-चार गाण्यांच्या. उरलेल्या मोठ्या एल.पी. बऱ्याचशा घासल्या गेल्यात, कितीतरींवर पांढरी बुरशी आहे, दोन-तीन तडकल्यात. बाबा त्या एचएमव्हीच्या फिएस्टा नावाच्या रेकॉर्ड प्लेयरवर लावायचे. पिन उडू नये म्हणून वर दहा पैशांचं नाणं चिकटवलेलं असायचं. भाऊ म्हणतो, टाकून दे, सगळं यूट्यूबवर आहे. धाकटी बहीण म्हणते, वाचनालयाला नाहीतर वृद्धाश्रमाला दे, तेवढंच पुण्य. मला टाकवत नाही, आणि असलं काही कोणाला द्यायची लाजही वाटते. एका जड रेकॉर्डीचं लेबल कसरीनं खाल्लंय, ‘कीर्तन’ एवढंच वाचता येतं. आणि एक लहान रेकॉर्ड आहे, तिची पिन दुसऱ्या कडव्यात अडकते. बाबा बोटानं हलकेच पुढे ढकलायचे. आम्ही भावंडं ते गाणं अजून त्या अडकण्यासकट म्हणतो. मी काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

तुमच्या पत्रातला ‘लाज वाटते’ हा शब्द मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. ती लाज दाबू नका. मला ती वेळेवर वाटली नव्हती.

सासरे गेले तेव्हा आमच्याकडेही अशाच रेकॉर्डी होत्या, दोन खोकी भरून. मी त्या रिक्षात घालून एका वाचनालयात नेऊन दिल्या. त्यांनी भिडेखातर घेतल्या, चहा पाजला, वहीत नोंद केली. मी मोकळ्या मनानं घरी आले. तीन वर्षांनी काही कामानिमित्त तिथे गेले, तर जिन्याखाली झाडू आणि बादल्यांच्या शेजारी माझी दोन्ही खोकी. खालचा पुठ्ठा ओलीनं फुगलेला, कव्हरं एकमेकांना चिकटून गेलेली. ग्रंथपालबाई इतक्या ओशाळल्या की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘आमच्याकडे वाजवायला यंत्र नाही हो,’ त्या म्हणाल्या, ‘पण तुम्ही एवढ्या प्रेमानं दिलेल्या, टाकायच्या कशा?’ म्हणजे जे मला घरी टाकवत नव्हतं, ते टाकायचं काम मी त्या बाईंच्या गळ्यात घातलं होतं. वर पुण्य माझ्या नावावर.

नचिकेताची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. वडील यज्ञात गाई दान करतात आणि त्या गाई अशा, की ज्यांचं पाणी पिऊन झालं, चारा खाऊन झाला, दूध देऊन झालं. पोराला ते बघवत नाही. तुमची लाज त्याच जातीची आहे. घेणाऱ्याला जिचा काही उपयोग होणार आहे तेवढीच वस्तू द्यावी, उरलेलीची विल्हेवाट आपण आपल्या हातानं लावावी, असं माझं स्पष्ट मत आहे. वृद्धाश्रमाचंही तेच. तिथल्या आजी-आजोबांना गाणी हवी असतात. गंजलेल्या पिनेचा प्लेयर, त्याचा पट्टा बदलून देणारा माणूस आणि बुरशी आलेली कव्हरं त्यांना नको असतात. बहिणीला खरंच काही द्यायचं असेल तर तिनं तिथे चांगला स्पीकर घेऊन द्यावा आणि महिन्यातून एकदा जाऊन त्यांच्या फर्माइशी लावाव्यात.

पण म्हणून भावाचं बरोबर, असंही नाही. ‘सगळं यूट्यूबवर आहे’ हे वाक्य तुमच्या एल.पी.पैकी बहुतेकींना लागू पडेल, लहान रेकॉर्डींपैकी पुष्कळशांना लागू पडेल आणि त्या ३२ जड रेकॉर्डींना कदाचित मुळीच लागू पडणार नाही. आपण रेकॉर्ड हातात घेतली की आधी ओरखडे बघतो. आधी बघायचं ते लेबल. त्यावर कोणाचा आवाज आहे आणि तो दुसरीकडे कुठे आहे का, हे कळेपर्यंत ती खराब आहे की चांगली, या प्रश्नाला अर्थच नाही.

केसरबाई केरकरांचं उदाहरण सांगते. गोव्यातल्या केरी गावच्या या गायिकेची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ अंतराळयानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत गेली. आज ती ताऱ्यांमधल्या अवकाशातून चालली आहे. पण ती निवडल्यावर अमेरिकेत तिची प्रत मिळेना. शोधता शोधता न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखाली ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ती सापडली. त्या दुकानदारानं त्या आठवड्यात साफसफाई काढली असती तर?

तुमच्या ३२ रेकॉर्डी बहुधा ७८च्या आहेत, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. नखानं टिचकी मारली तर कवडीसारखा टणक आवाज येतो आणि हातातून पडल्या तर बशीसारख्या फुटतात. त्या प्लास्टिकच्या नाहीत, लाखेच्या आहेत: लाख, दगडाची पूड आणि काजळी. एल.पी. आल्यावर ७८ लगेच संपल्या असं समजू नका, आपल्याकडे त्या साठच्या दशकातही निघत होत्या. नाट्यपदं, पोवाडे, कीर्तनं, नकला, गावोगावच्या गायिकांच्या लावण्या आणि ठुमऱ्या असं काय काय त्यांच्यावर छापलं गेलं. त्यातलं नावाजलेलं होतं ते पुढे एल.पी.वर, कॅसेटवर, सीडीवर आलं. जे नावाजलेलं नव्हतं ते तिथेच राहिलं. एचएमव्ही, ओडियन, कोलंबिया यांच्याबरोबर मुंबईत ‘यंग इंडिया’सारख्या कंपन्याही होत्या. कंपनी बंद पडली की मागून तिचे संच काढायला कोणी उरत नाही. तशी एखादी रेकॉर्ड कोणाच्या तरी ट्रंकेत टिकली तर टिकली.

तेव्हा आधी एक काम करा. बहिणीला बसवा, उजेडात सगळ्या १४० रेकॉर्डींच्या दोन्ही बाजूंच्या लेबलांचे मोबाइलवर फोटो काढा आणि एका वहीत गाणारा, गाणं, कंपनी, नंबर असं उतरवत जा. दोन दुपारी लागतील. लेबल खाल्लेलं असलं तरी घाबरू नका. लेबल आणि शेवटची चर, म्हणजे पिन जिच्यातून फिरते ती बारीक खाच, यांच्यामध्ये जी गुळगुळीत काळी पट्टी असते तिच्यावर आकडे कोरलेले असतात. रेकॉर्ड तिरकी धरून उजेडात फिरवली की दिसतात. ज्या साच्यातून ती रेकॉर्ड निघाली त्याची ती खूण असते, आणि जाणकार माणूस पुष्कळदा तेवढ्यावरून गाणाऱ्याचं नाव सांगतो. तुमची ‘कीर्तन’वाली तिथेच बोलायला लागेल. तिला आत्ता धुऊ नका, पुसू नका. लेबलाचे उरलेले तुकडे निखळतील. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ तेवढी झाडा आणि दोन वह्यांच्या मध्ये उभी करून ठेवा.

मग संध्याकाळी चहा घेताना भावाला बोलवा आणि वहीतलं एकेक नाव त्यालाच यूट्यूबवर शोधायला लावा. तोच गाणारा, तेच ध्वनिमुद्रण मिळायला हवं. नंतर कोणी गायलेलं तेच पद चालणार नाही. जे मिळेल त्यावर बरोबरची खूण करा. खूण झालेल्या रेकॉर्डींचा जीव इतरत्र सुरक्षित आहे, त्यांच्याबद्दल तुम्ही मोकळ्या झालात. आता त्यांच्या बाबतीत फक्त वाजते की नाही एवढंच पाहायचं.

ते पाहायची रीत अशी. एल.पी. किंवा लहान रेकॉर्ड खिडकीपाशी न्या आणि डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून हळूहळू फिरवा. ओरखडे लगेच दिसतात, पण ते दिसतात तेवढे वाईट नसतात. वरवरचा ओरखडा टिक-टिक करतो, गाणं ऐकू येतं. वाईट असतो तो करडेपणा. न घासलेली चर काळीभोर, ओल्या शाळिग्रामासारखी चमकते. झिजलेली राखाडी, मळकट दिसते, आणि विशेषतः गाणं जिथे वरच्या पट्टीत जातं तिथे करडे पट्टे उठलेले असतात. तिथे चरीच्या भिंती खरवडल्या गेल्यात. धुऊन, पुसून, कशानंही ते परत येत नाही. आवाज फाटलेलाच येणार.

आणि इथे ते दहा पैशांचं नाणं येतं. घरोघरी हे केलं जायचं, त्यात बाबांची काही चूक नाही. आजच्या चांगल्या प्लेयरची पिन साधारण दोन ग्रॅमच्या भारानं रेकॉर्डीला टेकते. फिएस्टासारख्या प्लेयरचा हात मुळातच त्याहून बराच जड, त्यात पिन वर्षानुवर्षं तीच, आणि वर नाणं. त्यामुळे ज्या रेकॉर्डी बाबांना सगळ्यात आवडायच्या, त्याच सगळ्यात जास्त खरवडल्या गेल्या असणार. मनाची तयारी ठेवा: ट्रंकेतली सगळ्यात लाडकी रेकॉर्ड सगळ्यात निरुपयोगी निघेल, आणि भेट मिळालेली, कधी न लावलेली, अगदी नवी कोरी. तपासायला म्हणून फिएस्टा चालू करू नका. जुन्या पिनेनं लावलेलं प्रत्येक गाणं थोडं आणखी पुसलं जातं. ओळखीत कोणाकडे नव्या पिनेचा प्लेयर असेल तर तिथे दहा-बारा निवडक रेकॉर्डी घेऊन जा. ७८च्या रेकॉर्डींना वेगळी, जाड टोकाची पिन लागते, हेही आधी विचारून घ्या. एल.पी.ची बारीक पिन त्या रुंद चरीच्या तळाला जाऊन नुसती खरखर उचलते, आणि माणसाला वाटतं, रेकॉर्डच गेली.

बुरशीला मात्र फार भिऊ नका. डोंबिवलीच्या पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेल्या कुठल्याही वस्तूला ती येते. ती प्लास्टिक खात नाही, त्यावरचा बोटांचा तेलकटपणा आणि धूळ खाते. खिडकी उघडून, नाकाला रुमाल बांधून बसा. डिस्टिल्ड वॉटर आणा, तेच जे इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात. वाटीभर पाण्यात भांड्याच्या लिक्विड सोपचा एकच थेंब टाका, चष्मा पुसायचं मऊ कापड बुडवून पिळा आणि चरींच्या दिशेनं गोल पुसा, आडवं कधीच नाही. लेबलाला पाणी लागू द्यायचं नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याच्या कापडानं पुन्हा एकदा. वाळायला ताटाळ्यात उभ्या करा, एल.पी. त्यात अगदी बरोबर बसते. पंखा चालेल, ऊन नको, उन्हात ती पापडासारखी वाकडी होते. ७८च्या रेकॉर्डीला स्पिरिट, सॅनिटायझर, कोलन वॉटर यातलं काही लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. हे वाक्य तांबड्या शाईनं लिहून ट्रंकेच्या झाकणाला चिकटवा. सफाईच्या उत्साहात एका घरी अख्खा गठ्ठा चिकट झालेला मी डोळ्यांनी पाहिला आहे.

तडकलेल्या आणि फुटलेल्या ७८ लगेच कचऱ्यात घालू नका. केसाएवढी चीर असली तर रेकॉर्ड वाजते, दर फेऱ्याला एक ठोका पडतो, आणि तो ठोका संगणकावर काढता येतो. दोन तुकडे झाले असतील तर चिकटवायला जाऊ नका, पुठ्ठ्यावर सपाट ठेवून कागदात गुंडाळा. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत तर पिन न टेकवता, चरींची छायाचित्रं घेऊन त्यातून आवाज काढायचं तंत्र विकसित झालंय, फुटक्या तबकड्यांसाठीसुद्धा. तुमची रेकॉर्ड तिकडे जाईल असं मी म्हणत नाही. पण ज्या गाण्यावर यूट्यूबची खूण झाली नाही, त्याची फुटकी प्रतही प्रतच असते.

आता द्यायचं कोणाला. खूण न झालेल्या रेकॉर्डींची यादी आणि फोटो आधी पाठवा. रेकॉर्ड नंतर, त्यांनी ‘हो’ म्हटल्यावर. मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संग्राहकांची संस्था आहे. ही मंडळी आयुष्यभर हेच करत आलेली आहेत, कुठली रेकॉर्ड दुर्मीळ हे त्यांना लेबल पाहून कळतं. तुमच्या गावात, ओळखीत एखादा जुना संग्राहक असेल तर तोही चालेल. त्याच्याकडे वाजवायचं यंत्र आहे का, तो आवाज संगणकावर उतरवून ठेवतो का, एवढं विचारा. द्याल तेव्हा एकच अट घाला: उतरवलेल्या आवाजाची एक प्रत मला द्या. खरा संग्राहक या अटीवर रागावत नाही, खूश होतो. ते कीर्तन पुढे इंटरनेटवर टाकावंसं वाटलं तर एवढं माहीत असू द्या की आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. शब्द आणि चाल यांचा हिशेब वेगळा, तो कवी आणि संगीतकार गेल्यापासून मोजतात.

वाजणाऱ्या पण सहज मिळणाऱ्या ज्या आहेत, हिंदी सिनेमाच्या वगैरे, त्या विकल्या तरी हरकत नाही. मुंबईत चोरबाजारात मटण स्ट्रीटला, पुण्यात जुन्या बाजारात रेकॉर्डीवाले बसतात. अख्खा गठ्ठा मात्र आधी दाखवू नका. ते गठ्ठ्याचा भाव करतात आणि त्यात नेमकी तुमची कीर्तनवाली निघून जाते. हल्ली तरुण मुलंमुली पुन्हा प्लेयर घेताहेत. तुमच्या पुतण्या-भाच्यांच्या मित्रमंडळींत विचारा. चांगल्या दहा-वीस रेकॉर्डी अशा हातात पडल्या तर त्या वाजतील, आणि वाजणं हेच रेकॉर्डीचं जगणं. देताना खरं सांगून द्या: ‘ही दुसऱ्या बाजूला खरखरते.’ कव्हर सुबक आणि आतली रेकॉर्ड गेलेली असं असेल तर नुसतं कव्हरही घेणारे असतात. त्यांच्याकडे रेकॉर्ड असते, कव्हर फाटलेलं असतं.

उरल्या त्या, खूण झालेल्या आणि करड्या पडलेल्या. माझ्या अंदाजानं निम्म्याच्या आसपास भरतील. त्या टाका. मी हे पूर्ण जबाबदारीनं लिहिते आहे. त्यांच्यातला आवाज दुसरीकडे जिवंत आहे आणि ही तबकडी आता तो देऊ शकत नाही. फक्त जाळू नका. बंबात नाही, शेकोटीत नाही, होळीत तर नाहीच. हे पीव्हीसी आहे, त्याच्या धुरात आम्लाची वाफ असते, डायॉक्सिनसारखी विषं असतात. सुक्या कचऱ्यात द्या, सोसायटीचा प्लास्टिक नेणारा माणूस असेल तर त्याला वेगळ्या काढून ‘पीव्हीसी आहे’ असं सांगून द्या, तो घेईल किंवा नाही म्हणेल. कोरडी कव्हरं रद्दीत. ७८चे तुकडे प्लास्टिकमध्ये जात नाहीत, आणि धारदार असतात. वर्तमानपत्राच्या चार घड्यांत बांधून वर ‘काचेसारखं फुटलेलं’ असं लिहा, कचरा उचलणाऱ्या ताईंचा हात कापायला नको. तापवून वाट्या-फुलदाण्या करण्याचे व्हिडिओ दिसतात, त्या फंदात घरच्या ओव्हनमध्ये पडू नका. त्या वाट्यांत खायचं काही ठेवताही येत नाही.

टाकण्याआधी प्रत्येक कव्हर उघडून आत बघा, एवढं कराच. आमच्या सासऱ्यांनी प्रत्येक पाकिटाच्या आत पेन्सिलीनं तारीख आणि निमित्त लिहिलेलं होतं: ‘पगारवाढ’, ‘सुमनचं बाळंतपण’, एकावर नुसतं ‘पाऊस’. त्या जिन्याखालच्या खोक्यांतून मी तेवढी सात-आठ पाकिटं परत आणली. आतल्या रेकॉर्डी नाही आणल्या.

आणि ती अडकणारी लहान रेकॉर्ड. ती कोणाला देऊ नका. संग्राहकाला ती नको असते, त्याच्याकडे तिची स्वच्छ प्रत असते, यूट्यूबवरही असेल. पण तुम्ही भावंडं जे गाणं म्हणता ते त्या स्वच्छ प्रतीत नाहीच. ते फक्त तुमच्या या एका तबकडीच्या त्या एका चरीत आहे. जिथे तुम्ही त्या दहा-बारा रेकॉर्डी ऐकायला न्याल तिथे हिलाही न्या आणि संगणकावर उतरवून घ्या. उतरवणारा माणूस चांगल्या मनानं तो अडकलेला भाग कापून गाणं सलग करून देईल, म्हणून त्याला आधीच सांगून ठेवा की काही साफ करायचं नाही, काही कापायचं नाही. भावाला आणि बहिणीला बरोबर न्या. दुसऱ्या कडव्यात पिन अडकली की थोडा वेळ अडकू द्या, आणि मग तुमच्यापैकी कोणीतरी बाबांसारखं बोटानं हलकेच पुढे ढकला.